मिंटाची माणसं

आमच्याकडे माणसाला आधी नाव विचारत नाहीत. "तू कुणाची?" असं विचारतात. नाव काय, आईबाप हौसेनं काहीही ठेवतात. पण कुणाची ते कळलं की पोरगी कशी वाढली असेल, चर्चमध्ये कितव्या बाकावर बसत असेल आणि तिच्या घरच्या बटाट्याच्या सॅलडमध्ये साखर पडते की नाही, हे सगळं आपोआप कळतं. सँटी नदीच्या या काठावर मी सहासष्ट वर्षं काढली आहेत, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रश्न विचारत आले. त्यात कधी कुणाला काही लागेल, असं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा टेरेन्स शार्लटहून एका मुलीला घेऊन घरी आला. जॉस्लिन तिचं नाव. उंच, शांत, केस घट्ट बांधलेले, हातात माझ्यासाठी आणलेला केक. मी दार उघडलं, केक घेतला आणि विचारलं, "ये गं, बैस. तू कुणाची? तुझी माणसं कुठली?"

"मला माणसं नाहीत, मॅम," ती म्हणाली.

"माणसं नाहीत असं कसं होईल? आभाळातून पडलीस की काय?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला! टेरेन्सचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हा आता उभ्या उभ्या निघून जातो. मग कळलं ते असं: पोरगी दोन वर्षांची असताना सरकारनं तिला आईकडून काढून घेतलं, आणि पुढं ती ओहायोतल्या सात वेगवेगळ्या घरांत वाढली. दर दोन-तीन वर्षांनी नवं घर, नवी खोली, नव्या बाईला काय म्हणायचं ते नव्यानं ठरवायचं. मी खजील झाले. पण मला माफी मागता येत नाही, जन्मापासूनच येत नाही, म्हणून मी तिला आणखी लाल भात वाढला. माझ्या नवऱ्यानं, लिनवुडनं, आपल्या ताटातली कोंबडीची तंगडी उचलून तिच्या ताटात ठेवली. ती तंगडी तो पाद्र्यालासुद्धा देत नाही.

पुढच्या वसंतात दोघांनी कोर्टात लग्न केलं. चार माणसं, दहा मिनिटं, संपलं! मी तीन आठवडे टेरेन्सशी धड बोलले नाही. एकुलता एक मुलगा, आणि चर्चमधल्या लग्नात घालायची माझी टोपी कपाटातच राहिली. एका संध्याकाळी मागच्या अंगणात मासे साफ करता करता लिनवुड म्हणाला, "एर्नी, चर्चमध्ये लग्न झालं असतं, तर नवरीच्या बाजूच्या बाकांवर कोण बसलं असतं?"

माझ्या हातातली सुरी थांबली. "हे तुला तिनं सांगितलं?"

"नाही. सांगायला कशाला लागतं?"

त्यानंतर मी टेरेन्सला फोन केला आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. आमच्या घरात तह असाच होतो.

आता मेळाव्याचं सांगते. दर जुलैत आमचं अख्खं रॅव्हनेल घराणं माउंट नेबो चर्चच्या मैदानात जमतं. कुणी न्यूयॉर्कहून येतं, कुणी डेट्रॉइटहून, कुणी आठ मैलांवरून येऊन सगळ्यात उशिरा पोचतं. अडीचशेच्या खाली आकडा कधी गेला नाही. आमचं मूळ म्हणजे प्रिन्स आणि डायसी. त्यांना सात मुलं. म्हणून आमची सात घरं आणि प्रत्येक घराचा टी-शर्ट वेगळ्या रंगाचा. काटोचं घर लाल, जुलै नावाच्या मुलाचं हिरवं, हेस्टरचं पिवळं, अशी सहा घरं सहा रंगांची. मी हेस्टरच्या घरातली. शर्टाच्या पाठीवर घराचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, म्हणजे भांडताना कुणाशी भांडतोय ते लांबून समजतं.

सातवं घर मिंटाचं, आणि तो रंग पांढरा. मिंटा सगळ्यात थोरली. गुलामीचे दिवस होते; नऊ वर्षांची असताना मालकानं तिला एका दलालाला विकलं. हे १८५७ साली. अलाबामाकडे नेली म्हणे. त्यापलीकडं कुणाला काही कळलं नाही. त्या सकाळी तान्ही हेस्टर तिच्या कडेवर होती. तिच्या कडेवरून हेस्टरला उचलून घेतलं, आणि मिंटाला गाडीत घातलं. आठ वर्षांनी लढाई संपली, गुलामी सुटली, सगळे मोकळे झाले, आणि डायसीनं पहिलं काम केलं ते मास्तरांकडून पत्रं लिहून घेण्याचं. चर्चच्या पेपरांत छापून आणलं, गावोगावच्या चर्चमध्ये वाचून दाखवायला लावलं: माझी मुलगी मिंटा, डाव्या भुवईवर व्रण, कुणी पाहिली का? उत्तर आलं नाही. मग तिनं अंगणात मुलांना जेवायला हाक मारायची ती थोरलीपासून सुरू केली. "मिंटा!" म्हणून हाक मारायची, थांबायची, आणि मग बाकीच्यांची नावं घ्यायची. मरेपर्यंत एक दिवस चुकली नाही.

ती हाक आम्ही अजून मारतो. जेवणाआधी हजेरी होते. पहिलं नाव मिंटाचं. "मिंटाची माणसं!" असं पुकारायचं आणि दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसायचं. त्या वेळी अडीचशे माणसांत एक मूल रडत नाही, खरं सांगते. पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवतात आणि तिच्यावर एक पांढरा शर्ट घडी करून ठेवतात, मीडियम मापाचा. मापावरून एका वर्षी मोठं रण माजलं होतं, शेवटी यूला आत्यानं निकाल दिला, "मीडियम घ्या. येईल त्याला बसेल."

यूला आत्या ही माझ्या वडिलांची बहीण. वय सत्त्याण्णव. मोतीबिंदूमुळं तिला धूसर दिसतं, पण जीभ अजून लख्ख आहे. हेस्टर म्हणजे तिची सख्खी आजी. कडेवरून उचलून घेतल्याची गोष्ट आत्यानं हेस्टरच्या तोंडून, तिच्या मांडीवर बसून ऐकलेली. एकोणचाळीस वर्षं हजेरी तीच घेते आहे.

आणि शर्टांचं खातं बावीस वर्षं माझ्याकडं आहे. माझी चुलतबहीण वर्डेल त्यावर बावीस वर्षं टपून आहे. "थकली असशील गं, अर्नेस्टीन," असं माझं पूर्ण नाव घेऊन दर वर्षी म्हणते. मी म्हणते, "तू तुझी मॅकरोनी सांभाळ, गेल्या वर्षी कोरडी होती." ती कोरडी नव्हती. पण बोलावं लागतं.

या वर्षी जून महिन्यात मी कॉम्प्युटरवर शर्टांची मागणी भरत बसले होते. प्रत्येक नावापुढं माप निवडायचं, मग रंग निवडायचा. रंगाच्या चौकटीत पहिल्यांदा पांढरा आपोआप येतो, कारण यादीत मिंटा पहिली. तो बदलून आपापला रंग घालायचा. जॉस्लिनचं नाव घातलं, मीडियम निवडलं, आणि फोन वाजला. टेरेन्स होता.

"मम्मा, जॉस्लिन मेळाव्याला यायला तयार झालीये," तो म्हणाला. "पण एक ऐकून घे. चिडू नकोस."

"मी कधी चिडते?"

त्यानं ते कानाआड केलं. "ती म्हणते, एकदा येऊन बघते. तिथं पाहुण्यासारखं वाटलं, तर पुन्हा येणार नाही. तिचं आयुष्य दुसऱ्यांच्या घरात पाहुणी म्हणून गेलंय, मम्मा. तिला आता ते सोसत नाही. आणि ती येणार नसेल, तर मीही यायचा नाही. बायकोला घरी ठेवून मी तिथं मासा खात बसणार नाही."

आमच्याकडे मेळावा सोडणं म्हणजे घर सोडणं. वर्डेलच्या धाकट्यानं सोडला; आज त्याला मुलं किती ते तिला फेसबुकवरून कळतं. "वाटणार नाही पाहुण्यासारखं," मी म्हणाले. "मी आहे ना."

"त्याचीच भीती आहे," माझा मुलगा म्हणाला.

फोन ठेवला आणि चिडलेल्या बोटांनी मागणी पाठवून दिली.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी आठलाच ऊन चटके देत होतं. लिनवुडनं झाडाखाली तेलाची मोठी कढई चढवली आणि टेरेन्स त्याच्या हाताखाली मासे पिठात घोळवायला लागला. जॉस्लिन गाडीतून उतरली ती निळा झगा घालून, हातात पुन्हा केक. माझ्या गालाला गाल लावला. "मिस अर्नेस्टीन, मी काही मदत करू?" मिस अर्नेस्टीन! शेजारीण म्हणते तसं. पण मी शहाण्यासारखी गप्प बसले आणि तिला कलिंगडं कापायला दिली.

दोन तास मी लांबून बघत होते. पोरगी छान वागत होती, तीच तर पंचाईत होती. सगळ्यांना "थँक यू, मॅम," "नो, सर". कुणी खुर्ची दिली की टोकावर बसायची, लगेच उठता येईल अशी. चारचौघी हसल्या की ही अर्धा क्षण उशिरा हसायची. आणि जी भेटेल ती म्हातारी तिला विचारायची, "तू कुणाची गं?" ती म्हणायची, "मी टेरेन्सची बायको." म्हातारी म्हणायची, "ते झालं गं, पण मुळात कुणाची?" तेव्हा मला समजलं की हा प्रश्न ऐकणाऱ्याला कसा लागतो. सहासष्ट वर्षं लागली समजायला.

मी ठरवलं, हिला शर्ट चढवायचा. एकदा पिवळा शर्ट अंगावर आला, पाठीवर हेस्टरचं नाव आलं, की कुणी विचारायचं कारण नाही. पिवळ्यांचं खोकं उपसलं. प्रत्येक शर्ट करड्या पिशवीत बंद, वर नावाची चिठ्ठी. लिनवुडचा होता, टेरेन्सचा होता, माझ्या आठ वर्षांच्या भाचेनातीचा होता. जॉस्लिनचा नव्हता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. अडीचशे शर्टांत नेमका हिचाच राहावा! वर्डेल शेजारी उभी राहून कागदी पंख्यानं वारा घेत होती. "काय गं, काही हरवलं?"

"काही नाही."

"थकली असशील."

मी सगळी खोकी पालथी घातली. तिकडं यूला आत्याला उचलून व्यासपीठावर बसवलं होतं, माइक खरखरत होता, लोक मांडवात जमायला लागले होते. आणि सगळ्यात छोट्या खोक्याच्या तळाशी, जिथं मिंटाची एकच पिशवी असते तिथं, दुसरी पिशवी सापडली. चिठ्ठीवर जॉस्लिन. माझा जीव भांड्यात पडला. चुकून इकडं पडली असेल म्हटलं, उघडून बघायला वेळ कुणाला होता? मी कलिंगडांपाशी धावले आणि पिशवी तिच्या हातात कोंबली.

"जा, चर्चमध्ये जाऊन बदल. पळ! हजेरी सुरू होतेय."

"हजेरीत काय करायचं असतं?" तिनं विचारलं. तिचा आवाज असा होता, जणू परीक्षा आहे.

"सोपं आहे. शर्टाच्या पाठीवर जे नाव आहे ते पुकारलं, की उभं राहायचं आणि मोठ्यानं 'हजर' म्हणायचं. पुटपुटायचं नाही. आत्याला पुटपुटलेलं आवडत नाही."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

ती धावली. मी माझ्या जागेवर येऊन बसले आणि घाम पुसला. पाद्र्यानं प्रार्थना म्हटली, लांबलचक, नेहमीसारखी. मग मांडव शांत झाला. यूला आत्यानं माइक दोन्ही हातांत धरला.

"मिंटाची माणसं!"

आणि ती शांतता पसरली. मी मनात आकडे मोजायला लागले. एक, दोन, तीन. सगळ्यांच्या माना खाली. चार. पाच.

"हजर!"

मागून आवाज आला. स्वच्छ, मोठा, अजिबात न पुटपुटलेला.

अडीचशे माना एकदम वळल्या. मांडवाच्या टोकाला जॉस्लिन उभी होती, नुकतीच धावत आलेली, अंगात पांढरा शर्ट. मी सांगितलं तशी ताठ उभी होती. कुणीतरी बाई "येशू!" म्हणून किंचाळली. काटोच्या घरातल्या एका धिप्पाड गड्याच्या हातातला गोड चहाचा अख्खा जग खाली पडला. आणि व्यासपीठावर यूला आत्या उभी राहिली. बारा वर्षांत आधाराशिवाय उभी न राहिलेली यूला आत्या!

"कोण बोललं?" तिनं माइकमध्ये विचारलं. "कुणी ओ दिली? आणा तिला. माझ्यापाशी आणा!"

दोघींनी जॉस्लिनला हाताला धरून पुढं नेलं. ती चालत होती, पण वाटेतल्या बायकांचे ओले डोळे बघून तिला समजलं होतं की काहीतरी भयंकर घडलंय. आत्यानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बोटांनी चाचपला, कपाळ, भुवया, हनुवटी. "एकशे सत्तर वर्षं होत आली, बाळा," ती म्हणाली. "केवढा उशीर लावलास गं!"

रंगाची ती चौकट माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. फोन वाजला होता. रंग बदलायचा राहिला होता.

वर्डेलच्याही ध्यानात आलं होतं. ती माझ्या कानाशी वाकली. मला वाटलं, आता ही बावीस वर्षांचं उट्टं काढणार. पण ती कुजबुजली, "गप्प राहा, अर्नेस्टीन. मी कुणाला बोलणार नाही. सत्त्याण्णव वर्षांची आहे ती. होऊ दे तिचं समाधान. कुणाचं काय जातंय?"

आणि माझ्या मनात आलं, राहावं गप्प. खरंच आलं. मग मी जॉस्लिनकडं पाहिलं. तिची नजर मैदानापलीकडं लावलेल्या गाड्यांवर होती. मी गप्प बसले, तर हे खोटं या पोरीला दर वर्षी पाठीवर घेऊन फिरावं लागेल. मी बोलले, तर आत्याचं काळीज फुटेल, आणि ही पोरगी "म्हातारीला फसवणारी" म्हणून इथून जाईल, ती पुन्हा दिसायची नाही. माझा मुलगाही दिसायचा नाही. काही केलं तरी वाईटच होणार होतं. निदान खरं बोलून व्हावं, म्हणून मी उठले.

"आत्या," मी म्हणाले. "ती माझी सून आहे. टेरेन्सची बायको. रंग मी चुकवला. शर्ट मी दिला. नाव पुकारलं की ओरड, हेही मीच सांगितलं. तिचा काही दोष नाही. ती मिंटाची नाही."

मांडवात असा सुस्कारा उमटला की हातातले कागदी पंखे थांबले.

जॉस्लिनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "सॉरी, मॅम," ती आत्याला म्हणाली. "मला माहीत नव्हतं. मी जाते."

पण आत्यानं तिचा चेहरा सोडला नाही. मग माझ्या दिशेनं मान वळवली. "मिंटाची नाही? कशावरून?"

"कशावरून म्हणजे? आत्या, ती ओहायोची आहे."

"ओहायोत माणसं रेल्वेनं गेली, पायी गेली, पळून गेली. मी विचारते, कशावरून नाही?" ती जॉस्लिनकडं वळली. "पोरी, तुझी आई कोण?"

"डेनीस नाव होतं, मॅम. आणखी काही माहीत नाही."

"तिची आई?"

"माहीत नाही."

"तिच्या आईची आई?"

"नाही, मॅम. मला कुणी सांगितलंच नाही."

"बरं. अर्नेस्टीन, तुला माहीत आहे?"

"मला कसं माहीत असेल?"

"वर्डेल, तुला? तुला तर सगळ्यांचं सगळं माहीत असतं."

कुणीतरी फिसकन हसलं. वर्डेल म्हणाली, "नाही, आत्या."

"आणि मिंटाला पोरं किती झाली, ती कुठं गेली, त्यांची पोरं कुठल्या गावात निजली, हे इथं कुणाला ठाऊक आहे? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. "हिला आपलं मागचं ठाऊक नाही. आपल्याला मिंटाचं पुढचं ठाऊक नाही. आणि तू उभी राहून नाही म्हणतेस? तू कोण, कोर्ट?"

आता हसू सगळीकडं फुटलं. माझ्या नाकातोंडातून रडणं आणि हसणं एकदम बाहेर पडलं.

"गप्प बसा रे. मी म्हातारी आहे, वेडी नाही," आत्या म्हणाली. "ही मिंटाच्या रक्ताची आहे, असं मी म्हणत नाही. पण माझी आजी सांगायची, डायसी मरताना म्हणाली, हाक मारत राहा. ओ कोण देईल ते देव बघेल. एवढ्या वर्षांत आज कुणीतरी ओ दिली. शर्टाच्या रंगात चूक झाली म्हणून ती मी परत करू? चुकीनं आमची पोर गेली नव्हती, ठरवून नेली होती. मग चुकीनं कुणी आलं, तर मी घेणार. ज्यांची माणसं हरवली, ज्यांना आपलं मागचं कुणी सांगितलं नाही, ती सगळी आजपासून मिंटाची. त्या घरात जागा पुष्कळ आहे." तिनं जॉस्लिनला आपल्याशेजारी उभं केलं आणि माइक घेतला. "पुन्हा पहिल्यापासून. मिंटाची माणसं!"

"हजर," जॉस्लिन म्हणाली. रडण्यात तो शब्द अर्धा विरला.

"मी बहिरी आहे, पोरी!"

"हजर!"

मग जो गलका झाला, तो नदीपलीकडं ऐकू गेला असेल. टोप्या उडाल्या, टेरेन्स पिठानं भरलेल्या हातांनी धावत आला आणि बायकोला त्यानं असं उचललं की पांढऱ्या शर्टावर दोन पंजे उमटले. वर्डेल मला बिलगून रडत होती. पुढल्या वर्षी शर्टांचं खातं तिच्याकडं जाणार हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

गलका ओसरला. पुढचं नाव काटोचं. आत्यानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात झाडाखालून आवाज आला. पुरुषाचा, जरा घोगरा.

"हजर."

कढईपाशी लिनवुड उभा होता. हातात झारा, अंगावर मी दिलेला पिवळा शर्ट. मान ताठ होती, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. तो पुसत नव्हता.

माझा लिनवुड. इथल्याच फ्लॉरेन्स गावात एका पाद्र्याच्या घरी वाढलेला, आईबाप कोण ते ठाऊक नसलेला. आडनावही त्यांनीच दिलेलं. हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं, जसं त्याच्या बुटाचं माप माहीत आहे तसं. त्याला मी अडतीस वर्षं पिवळा शर्ट चढवत आले, आणि माझं काम झालं असं समजत आले. आता आठवायला लागलं, आणि आठवेना. हेस्टरचं नाव पुकारल्यावर तो माझ्या शेजारी कधी उभा राहिला होता? एकदाही नाही. दर वर्षी हजेरीच्या वेळी तो कढईपाशीच असायचा. "तू जा," म्हणायचा, "मासा करपेल."

मी खुर्च्या ओलांडत, माझ्या वयाला न शोभेल अशी धावत त्याच्यापाशी गेले. कढईतून धूर निघत होता, अख्खी खेप काळी पडली होती, आणि ती काढायचं भान दोघांनाही नव्हतं. मी त्याचा शर्ट मुठीत धरला.

"अडतीस वर्षं, लिनवुड! एकदा तरी बोलायचंस रे मला."

"कसं बोलणार, एर्नी?" तो म्हणाला. "ओ द्यायला आधी कुणीतरी हाक मारावी लागते."